आपल्या विहिरींतील मत्स्यकुल : एक ऐतिहासिक टिपण

मानखुर्द या ग्रामनामातील ‘खुर्द’ हा शब्द मूळचा फारसी असून त्याचा अर्थ ‘लहान’ असा आहे. १९९२ साली लोहमार्ग खाडी ओलांडून वाशीस गेला, तोपर्यंत हार्बर मार्ग येथेच संपत असे. अशा या लहान गावाच्या स्मरणिकेत लहान माशांचा इतिहास सांगणे अप्रस्तुत होऊ नये.

मत्स्यपालनाचा छंद पाश्चात्त्यांकडून आला, ही समजूत अर्धीच खरी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच असून, मासे कोणते, त्यांना खाऊ काय घालावे व ते गळाने कसे धरावे याचे वर्णन त्यात आहे. काचेच्या पेटीची युक्ती मात्र नवी होय. पाणवनस्पती व मासे एकत्र ठेविल्यास पाणी दीर्घकाळ शुद्ध राहते, हे वॉरिंग्टन या इंग्रज रसायनज्ञाने १८५० साली दाखविले आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली लाभले. ते पाहून परतणाऱ्या कित्येक बालकांनी घरी काचेच्या पेटीचा हट्ट धरला असेल!

त्या पेटीत कोण आले? बहुधा परदेशी रंगीत मासे. वास्तविक आपल्या माशांची योग्यता जगाने फार पूर्वीच ओळखली होती. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा खुद्री, कोळस, मळ्या ही स्थानिक नावेच शास्त्रीय नामांत गुंफली, आणि ती आजही रूढ आहेत. १८४६ साली वालँसिएन या फ्रेंच पंडिताने मुंबईहून गेलेल्या नमुन्यांवरून ‘अॅप्लोकायलस लिनिएटस’ या माशाचे वर्णन केले. डोक्यावर रुपेरी ठिपका मिरविणारा, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा व डासांच्या अळ्या मटकावणारा हा चपळ जीव कोकणपट्टीतील विहिरी-तळ्यांचा जुना रहिवासी होय.

परंतु घरच्या रक्षकावर विसंबण्याऐवजी आपण बाहेरचा पहारेकरी बोलाविला. हिवतापनिवारणासाठी गंबुसिया हा अमेरिकन मासा १९२८ साली इटलीमार्गे भारतात आणिला गेला, आणि त्रिनिदादचा गप्पी तर घरोघरी परिचित झाला. हेतू लोकहिताचाच होता. पण गंबुसिया इतर माशांची अंडी-पिले खातो व त्यांचे पर कुरतडतो, आणि आज जगातील अत्यंत उपद्रवी परकीय जीवांत त्याची गणना होते. त्यातच उपनगरांतील विहिरी बुजल्या, डबकी भरावाखाली गेली. परिणामी, आपल्या मुलांस गप्पी ठाऊक आहे, पण मुंबईच्या माशाचे नावही ठाऊक नाही.

ज्यांस हे देशी मासे पाळावयाचे असतील त्यांनी पुढील मर्यादा पाळाव्यात. मृगाच्या सरींत चढणीला लागलेले मासे विणीसाठी निघालेले असतात. त्यांस मुळीच धरू नये. इतर वेळी, जेथे मनाई नाही अशा ठिकाणाहून चार-सहाच घ्यावेत. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. पाणवनस्पती भरपूर लावाव्यात. वरील मासा उडी मारणारा असल्याने पेटीस झाकण हवेच, व लहान पिलांसोबत त्यास ठेवू नये, कारण तो ती गिळतो. मळ्या हा ओढ्यातील खडकास चिकटून राहणारा असल्याने त्यास वाहते, हवेशीर पाणीच मानवते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंटाळा आला म्हणून पेटीतील परदेशी मासा तळ्यात वा विहिरीत कदापि सोडू नये.

पूर्वजांची वंशावळ आपण आस्थेने जपतो. त्यांच्याच विहिरींत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या या मूक शेजाऱ्यांचे कुलही नामशेष होऊ न देणे, हे आपले कर्तव्य होय. ज्या ज्ञातिबांधवांच्या वाडीत अद्याप जिवंत विहीर असेल, त्यांनी ती बुजविण्यापूर्वी एकवार आत डोकावून पाहावे, एवढीच नम्र विनंती.