संचयखंड, तार्किक

संगणकाच्या एका वा अनेक चुंबकीय तबकड्यांवरील जागा एकत्र धरून आज्ञावलीच्या साहाय्याने तिचे गरजेनुसार पाडलेले भाग. व्यवहारात ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ ही संज्ञा रूढ आहे. वापरणाऱ्यास असा खंड स्वतंत्र तबकडीसारखा भासतो. मात्र त्याची सीमा यंत्राच्या घडणीने नव्हे, तर केवळ नोंदीने ठरलेली असल्याने ती मागाहून बदलता येते.

तबकडी-संचय असलेला ३०५ रॅमॅक हा संगणक आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणला. त्यात सुमारे ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लक्ष वर्ण मावत. असा संचय महाग असल्याने तो अनेकांत वाटून देणे पुढे आवश्यक ठरले. याच कंपनीच्या १९७२ मधील व्हीएम/३७० प्रणालीत तबकडीचे ‘मिनिडिस्क’ नावाचे भाग निरनिराळ्या वापरकर्त्यांना देता येत. वैयक्तिक संगणकात विभाजनाची सोय १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आली. तबकडीच्या आरंभीच्या कोष्टकात चारच विभागांची नोंद होई व प्रत्येक विभाग सलग असावा लागे. त्यामुळे एक विभाग भरला आणि दुसरा रिकामा असला, तरी सामान्यतः सर्व माहिती अन्यत्र उतरवून नव्याने विभाजन करावे लागे.

ही अडचण दूर करणारी व्यवस्था आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीच्या तिसऱ्या आवृत्तीत १९९० मध्ये आली. तीत तबकड्यांचे समान आकाराचे लहान तुकडे कल्पून कोणता तुकडा कोणत्या खंडाचा, याचे कोष्टक ठेवले जाते. साहजिकच खंडाचे तुकडे सलग वा एकाच तबकडीवर असण्याची गरज उरली नाही. हाइन्झ मौएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स प्रणालीच्या धर्तीवर लिनक्ससाठी अशी आज्ञावली रचली. तेथे तुकडा सामान्यतः ४ मेगाबाइटांचा असतो. म्हणजे १०० गिगाबाइटांच्या खंडात २५,६०० तुकडे येतात. खंड वाढविणे सोपे असते. तो लहान करताना मात्र त्यावरील फाइल-व्यवस्था आधी आकुंचित करावी लागते, अन्यथा माहिती नष्ट होते.

अनेक ग्राहकांची माहिती एकत्र सांभाळणाऱ्या केंद्रांत या लवचिकपणाचे महत्त्व विशेष जाणवते. महाराष्ट्रात नासिक येथे मुख्य कार्यालय असलेल्या व २००५ मध्ये स्थापन झालेल्या ईएसडीएस सॉफ्टवेअर सोल्युशन या कंपनीचे सातपूर औद्योगिक क्षेत्रात असे माहितीकेंद्र आहे. तिची ‘एनलाइट’ ही सेवा ग्राहकास मागणीनुसार कमीअधिक संगणकीय साधने पुरविते. अशा व्यवसायात कोणाला किती जागा लागेल हे आधी सांगता येत नाही. सीमा कायमच्या आखल्यास काहींची जागा पडून राहते, तर काहींचे काम अडते.

तथापि सोय म्हणजे सुरक्षितता नव्हे. खंड अनेक तबकड्यांवर पसरला असता त्यांपैकी एक निकामी झाली, तरी संपूर्ण खंड धोक्यात येतो. म्हणून तीच माहिती दोन तबकड्यांवर लिहितात किंवा पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘रेड’ रचनेचा अवलंब करतात. चुकून पुसलेली माहिती यांनीही परत मिळत नाही. तिच्यासाठी अन्यत्र ठेवलेली स्वतंत्र प्रतच उपयोगी पडते.