खेळाडू चालतो, मग संघ निवडणारा का चालत नाही? रूड गुलिट, पालवणकर बंधू आणि आपण



आपल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये युरोपातल्या फुटबॉलचे व्हिडिओ भरपूर असतात. बार्सिलोना, चेल्सी, मिलान ही नावे नांदेड-लातूरच्या पोरांना तोंडपाठ आहेत. पण याच क्लबांच्या इतिहासात एक गोष्ट आहे जी आपण आपली म्हणून वाचायला हवी. ती रूड गुलिट या डच खेळाडूची आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या माणसाची गोष्ट आहे. ती वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा. शोषित समाजातला माणूस मैदानावर घाम गाळतो तेव्हा टाळ्या वाजवणारे लोक, तोच माणूस संघ निवडायच्या खुर्चीत बसला की कसे वागतात?

गुलिटचा जन्म 1 सप्टेंबर 1962 रोजी अॅमस्टरडॅममध्ये झाला. आई गोरी डच, वडील सुरीनामहून आलेले. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली डचांची वसाहत. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांना गुलाम करून तिथल्या उसाच्या मळ्यांत राबवले गेले. 1 जुलै 1863 रोजी डचांनी कायद्याने गुलामगिरी संपवली. तेव्हा भरपाई कोणाला मिळाली? मालकांना, दर गुलामामागे 300 गिल्डर! ज्यांनी पिढ्यानपिढ्या राबून मळे उभे केले त्यांना एक छदामही मिळाला नाही. उलट पुढची दहा वर्षे, म्हणजे 1873 पर्यंत, सरकारी देखरेखीखाली त्याच मळ्यांत राबण्याची सक्ती झाली.

1873 हे साल आपल्याला परके नाही. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून समुद्रापलीकडच्या गुलामांच्या वेदनेशी शूद्रातिशूद्रांची वेदना जोडणारा हा माणूस. जगातल्या शोषितांनी एकमेकांना ओळखायचे असते, हे आपल्याला जोतीरावांनी तेव्हाच शिकवले.

आता 1987 सालात या. गुलिट तोपर्यंत हार्लेम, फेयेनूर्ड, पीएसव्ही असा प्रवास करून इटलीतल्या एसी मिलानमध्ये पोहोचला होता, तेही त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या रकमेवर. वाट सोपी नव्हती. 1983 मध्ये फेयेनूर्डकडून स्कॉटलंडमध्ये सेंट मिरेनविरुद्ध खेळताना प्रेक्षकांनी त्याला रंगावरून शिव्या घातल्या, त्याच्या अंगावर थुंकले. त्याच गुलिटला 1987 चा 'बॅलन डी'ओर', म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्याने तो नेल्सन मंडेलांना अर्पण केला.

आज मंडेलांचे नाव घेणे सोपे आहे. सगळ्या देशांचे पुढारी त्यांच्या फोटोला हार घालतात. पण 1987 मध्ये मंडेला तुरुंगात होते, त्यांच्या बंदिवासाला 25 वर्षे झाली होती. त्याच वर्षी इंग्लंडच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी त्यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दहशतवादी संघटना म्हटले होते. आणि 'अपार्थाइड' हा शब्द कुठला? डच भाषेपासून दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या आफ्रिकान्स भाषेतला. म्हणजे डच संघाचा कर्णधार आपल्याच भाषेच्या लेकीने जन्माला घातलेल्या वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिला. जोतीरावांची अर्पणपत्रिका आणि गुलिटचे हे अर्पण यांच्यात 114 वर्षांचे अंतर आहे, पण भावना एकच आहे.

लक्षात घ्या, तेव्हा आपल्याकडे मराठवाड्यात काय चालले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि मराठवाडा पेटवला गेला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले. 1987 मध्येही तो ठराव कागदावरच होता आणि आपली माणसे रस्त्यावर होती. 1993 च्या नोव्हेंबरमध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ काढून नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. ज्या जिल्ह्याने नावासाठी जीव दिले, त्याच जिल्ह्याच्या पोरांच्या पदवीवर ते नाव आले नाही. ठराव आमच्या बाजूने होतो, पण अंमलबजावणीची खुर्ची दुसऱ्याच्या हातात असते. मुद्दा इथेच आहे.

पुन्हा गुलिटकडे येऊ. 25 जून 1988 रोजी म्युनिकमध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध पहिला गोल त्याने डोक्याने मारला आणि कर्णधार म्हणून करंडक उचलला. 1989 आणि 1990 मध्ये मिलानने युरोपियन कप जिंकला. 1995 मध्ये तो चेल्सीत गेला, आणि 1996 मध्ये क्लबने त्याला खेळाडू असतानाच मॅनेजर केले. प्रीमियर लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. पहिल्याच हंगामात, 1997 मध्ये, चेल्सीने एफए कप जिंकला. क्लबला 26 वर्षांनी मोठा करंडक मिळाला होता. ब्रिटनबाहेरून आलेल्या मॅनेजरने हा कप जिंकण्याचीही ती पहिलीच वेळ.

पुढे काय झाले? फेब्रुवारी 1998 मध्ये संघ लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असताना गुलिटला काढून टाकले. करारातल्या पैशांवरून मतभेद झाले, असे कारण दिले गेले. त्याच हंगामात त्याने बांधलेल्या संघाने आणखी दोन करंडक जिंकले, पण तेव्हा खुर्चीत दुसरा माणूस होता. नंतर न्यूकॅसल, फेयेनूर्ड, अमेरिकेत लॉस एंजेलिस गॅलेक्सी, रशियात ग्रोझनीचा तेरेक क्लब, अशा नोकऱ्या त्याने केल्या, पण कुठेच टिकला नाही.

इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. गुलिटच्या प्रत्येक अपयशाला वर्णद्वेष म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. न्यूकॅसलमध्ये त्याने आपल्याच प्रमुख खेळाडूंशी वाद ओढवून घेतले. 2011 मध्ये तो ज्या ग्रोझनीत गेला, तिथला सत्ताधारी मानवी हक्क तुडवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. मंडेलांना पुरस्कार अर्पण करणारा माणूस तिथे कसा गेला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो योग्यच होता. आपला माणूस आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, ही आंबेडकरी रीत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. गुलिटसोबत अॅमस्टरडॅमच्या गल्लीत खेळलेला, त्याच्यासारखाच सुरीनामी बापाचा मुलगा फ्रँक रायकार्ड. त्याच्या प्रशिक्षणाखाली 2002 मध्ये स्पार्टा रॉटरडॅम हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला. सगळे संपले असे वाटावे असे अपयश. तरीही 2003 मध्ये बार्सिलोनाने त्याच्यावर विश्वास टाकला. त्याने 2005 आणि 2006 ची स्पॅनिश लीग आणि 2006 ची चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. म्हणजे काय? संधी एकदा देऊन भागत नाही. चुकण्याची आणि पुन्हा उभे राहण्याचीही मुभा लागते. प्रस्थापितांना ती जन्माने मिळते. त्यांचा एक अधिकारी चुकला तर तो माणूस चुकतो. आपला अधिकारी चुकला की "राखीव जागेवरून आलेला" म्हणत सगळी जात चुकवली जाते. इंग्लंडच्या मैदानांवर आज कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने आहेत, पण मॅनेजरच्या खुर्च्यांवर त्या मानाने फारच थोडे दिसतात. पाय चालतात, पण डोके चालत नाही. हे आपण कुठेतरी पाहिले आहे ना?

पाहिले आहे. आपल्याच महाराष्ट्रात, गुलिटच्या कितीतरी आधी. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायची आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. गोलंदाजी करायला चालत होते, पण बॅट त्यांच्या हातात दिली जात नव्हती. पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवण्यासाठी त्यांना संघात घेतले, पण चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. त्यानंतर ते देशातले सर्वांत अनुभवी गोलंदाज होते. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही.

1920 मध्ये तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. आरडाओरड झाल्यावर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घेतले, आणि कर्णधार थोडा वेळ मैदानाबाहेर गेला तेवढ्यापुरते नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढे 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. हे औदार्य म्हणून मिळाले नाही. भावांनी संघाबाहेर राहण्याची तयारी दाखवली, म्हणून मिळाले.

आता या कहाणीचा कडू भाग. पृथक मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरोधी बाजूला राहिले. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. बाबासाहेब निवडून आले. ज्या समाजाने बाळूंना कर्णधारपद नाकारले, त्याच समाजाच्या पक्षाला उमेदवारी देताना बाळू चालले. कारण उमेदवार आपला असला तरी निवडणारा हात त्यांचा होता.

मित्रांनो, पृथक मतदारसंघाचा सगळा युक्तिवाद या एका उदाहरणात सापडतो. बाबासाहेब केवळ जागा मागत नव्हते. त्या जागेवर कोण बसेल हे ठरवण्याचा अधिकार ते मागत होते. संघात स्थान मिळणे वेगळे आणि संघ निवडण्याचा हक्क मिळणे वेगळे. पहिले मिळाले की टाळ्या मिळतात, दुसरे मिळाले की सत्ता मिळते. शासनकर्ती जमात होण्याचा अर्थ हाच आहे. बाळूंचा अपमान करण्याचे कारण नाही, त्यांच्या कर्तृत्वाचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्या आयुष्यातून हा धडा घेतला नाही तर अभिमान नुसता फोटोपुरता उरेल.

आता आपल्या मैदानावर या. नांदेड-लातूरला पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे पाहा. त्यात वस्तीतली पोरे किती असतात हे सांगायला नको. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र स्पर्धेतून येते, स्पर्धेत जायला संघात निवड लागते, आणि निवड करणारी समिती बंद खोलीत बसते. त्या खोलीत आपले कोण आहे? जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीत, पंचांच्या यादीत, निवड समितीत आपली नावे किती? धावणारे पाय आपले आणि शिटी दुसऱ्याच्या तोंडात, हे किती दिवस चालायचे?

एका वस्तादाने काय होते हे लातूरकरांना वेगळे सांगायला नको. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कुस्ती गाजवून पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. लातूर जिल्ह्याचेच काका पवार यांनी स्वतःची तालीम उभी केली. बीडच्या राहुल आवारेने या दोघांच्या हाताखाली घडून 2019 च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक आणले. खेळाडूची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांची असते, वस्ताद मात्र पिढ्या घडवतो. कोणाला आखाड्यात घ्यायचे, कोणाला खुराक द्यायचा, कोणाला पुढे पाठवायचे, हे तो ठरवतो.

म्हणून आपल्या खेळाडूंनी निवृत्तीनंतर नुसत्या ट्रॉफ्या कपाटात लावून बसू नये. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविका आहे, फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाचे परवाने आहेत, पंचांच्या परीक्षा आहेत. त्या द्या. गावातल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी किमान एका तरुणाला त्यासाठी पाठवावे. निवड चाचणीचे निकष आणि गुण लेखी मागा, मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार वापरा. जिल्हा संघटनांचे सभासद व्हा, निवडणूक लढवा. आणि आपला एखादा प्रशिक्षक पहिल्या वर्षी हरला तर त्याला दुसरे वर्ष द्या. रायकार्डला ते मिळाले म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले.

आणि जिंकाल तेव्हा गुलिटचे 1987 साल आठवा. पुरस्कार हातात आला की आपल्या समाजाचे, आपल्या लढ्याचे नाव उघड घ्या. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्या जिल्ह्यातल्या खेळाडूने मंचावर जय भीम म्हणायला कचरावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

जय भीम! जय फुले!