निवडणूक-खर्चाच्या हिशेबांचें प्रामाण्य

भंडारा जिल्हा मध्यप्रदेशांत होता त्या काळीं, सन १९५४ मध्यें, तेथें लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता. सर्वसाधारण जागीं अशोक मेहता व राखीव जागीं भाऊराव बोरकर निवडून आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पराभव झाला. जयापजय सर्वश्रुत आहे. कोणीं किती द्रव्य वेंचलें हें मात्र उमेदवारांच्या हिशेबांवरूनच कळावयाचें. अशा कागदांचें प्रामाण्य किती, हा प्रस्तुत टिपणाचा विषय.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या सांप्रतच्या कलम ७७ अन्वयें उमेदवारानें खर्च लिहून ठेवावा व कलम ७८ अन्वयें निकालापासून ३० दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा. मर्यादा ओलांडणें हें भ्रष्टाचरण होय. परंतु हा हिशेब ज्याचा त्यानेंच लिहिलेला असतो. एकाच पोथीवरून पाठ ठरविणाऱ्या संपादकाची जी अडचण, तीच येथें अधिकाऱ्याची.

कौटिल्यानें हें ओळखलें होतें. हिशेबनीस आषाढीस मुद्रांकित वह्या घेऊन आले कीं त्यांस परस्परांशीं बोलूं देऊं नये, असें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सांगितलें आहे. नोंदी स्वतंत्र असतील तरच त्यांचा मेळ हा पुरावा ठरतो. निवडणूक आयोगाची छायानिरीक्षण नोंदवही ही अशीच दुसरी प्रत होय. सभा, मंडप, वाहनें यांची नोंद अधिकारी स्वतः ठेवतात आणि उमेदवाराची वही तिच्याशीं ताडून पाहतात.

आयोगानें हिशेबाचें बाह्यरूपच पाहावें, कीं सत्यताहि? भोकर येथील २००९ च्या निवडणुकीवरून अशोक चव्हाण यांच्या प्रकरणीं हा प्रश्न निघाला. सत्यता तपासण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०१४ रोजीं मान्य केला. तथापि त्यानंतरचा आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं रद्द केला. अधिकार मिळाला म्हणजे आरोप सिद्ध झाला असें नव्हे. त्यास भक्कम साधनें लागतात.

मुदतीचाहि दोष आहे. निवडणूक-याचिका कलम ८१ प्रमाणें ४५ दिवसांत करावी लागते. हिशेब तिसाव्या दिवशीं आला तर मतदाराच्या हातीं केवळ १५ दिवस उरतात. ही मुदत हिशेब दाखल झाल्यापासून मोजावी, असें आमचें मत आहे.

१९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ८८ अन्वयें शुल्क देऊन कोणासहि हे हिशेब पाहतां येतात, प्रमाणित नकलाहि मिळतात. भंडाऱ्यापासून आरंभ करून संग्राहकांनीं त्या जमवाव्या व ताडून पाहाव्या. न ताडलेली वही उद्यां इतिहासाचें साधन म्हणून हातीं आली, तरी तींतून उमेदवाराचें म्हणणें तेवढें कळेल; झालेला खर्च कळणार नाहीं.