लखनौपर्यंतची वाट

लखनौच्या कैसरबागेत, वाजिद अली शाहच्या परीखान्यात, आज संगीताचे विद्यापीठ आहे. त्याला नाव आहे ते मुंबईच्या एका मराठी वकिलाचे. विष्णु नारायण भातखंडे 1860 साली वाळकेश्वरला जन्मले आणि 1936 साली मुंबईतच वारले. लखनौ त्यांचे गाव नव्हते, उर्दू त्यांची घरची भाषा नव्हती, आणि ज्या ख्याल-ध्रुपदांसाठी ते आयुष्यभर फिरले ती विद्याही त्यांच्या घराण्यात चालत आलेली नव्हती. तरीही त्यांच्या मनातले विद्यालय उभे राहिले ते मुंबईत किंवा पुण्यात नाही, तर लखनौत. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर त्यांच्या प्रवासांकडे आणि त्यांनी भरवलेल्या परिषदांकडे पाहावे लागते.

मी अनुवादाचे काम करते. भातखंड्यांकडे मी वळले ती गायनाच्या वाटेने नव्हे, भाषेच्या वाटेने. उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग, मराठीत लिहिलेला आहे. पहिला भाग 1910 चा, चौथा 1932 चा. आज देशभरातले संगीताचे विद्यार्थी तो हाथरसच्या संगीत कार्यालयाने छापलेल्या हिंदी अनुवादातून वाचतात. मूळ पुस्तक मराठी आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते, आणि मराठी वाचकांनाही त्याची फारशी आठवण राहिलेली नाही.

ग्रंथाच्या आधी प्रवास झाले. 1900 साली पत्नी आणि 1903 साली एकुलती एक मुलगी गेल्यावर भातखंड्यांचे संसारातले पाश तुटले होते. वकिलीतही मन रमत नव्हते. पुढे तीही त्यांनी सोडली. 1904 साली ते दक्षिणेकडे निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असे करत एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना जाऊन भेटले. कर्नाटक पद्धतीत व्यंकटमखीने सतराव्या शतकात मांडलेली बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांना तिथे जवळून पाहायला मिळाली. उत्तरेकडच्या रागांचे दहा थाटांत केलेले वर्गीकरण आपण शाळेत शिकतो, बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. त्याच्यामागे हा दक्षिणेचा प्रवास आहे. 1907 साली ते नागपूरमार्गे कलकत्त्याला गेले, आणि पुढच्या वर्षी अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर असा उत्तरेचा फेरा झाला.

बरोबर प्रश्नांची यादी असे. श्रुती किती मानता, अमक्या रागाचा वादी स्वर कोणता, तुमच्या गाण्याला कोणत्या ग्रंथाचा आधार आहे? हे प्रश्न वकिलाचे होते आणि विचारण्याची रीतही वकिलाचीच होती. त्यांच्या प्रवासाच्या नोंदी वाचताना हे जाणवते. समोरचा माणूस ग्रंथाचे नाव घेऊन अडखळला की भातखंडे त्याला सोडत नाहीत. उलट, ‘मी गातो, शास्त्र मला येत नाही’ असे सरळ सांगणाऱ्या गवयापुढे नरम होतात. ते नुसत्या मुलाखती घेत फिरले असेही नाही. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ते रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे शिकले होते. पुढे जयपूरच्या महंमद अली खाँच्या घरची ख्यालांची संपत्ती त्यांनी मिळवली, आणि रामपूर दरबारच्या वजीर खाँपुढे शिष्य म्हणून बसले. माहितीसाठी आलेला माणूस आणि शिकायला आलेला माणूस असे दोघे एकाच कोटात असत, आणि त्या दोघांचे नेहमी जमत होते असे नाही.

एवढे फिरल्यावर त्यांना एक गोष्ट कळली होती. एकट्याने गावोगाव जाऊन मते गोळा करता येतात, पण त्यांचा मेळ घालता येत नाही. तोडीचा एक प्रकार रामपुरात एक आणि जयपुरात दुसरा, आणि दोन्हीकडचे गवई आपापल्या गुरूची शपथ घेणारे. तेव्हा सगळ्यांना एका जागी बसवावे, प्रत्येकाने गाऊन दाखवावे, चर्चा व्हावी आणि त्यातून काही ठरावे, या कल्पनेतून अखिल भारतीय संगीत परिषदा निघाल्या. पहिली 1916 साली बडोद्याला, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. क्लेमेंट्स आणि देवल यांच्या श्रुती-हार्मोनियमवरचा वाद तिथे गाजला: बावीस श्रुती मोजूनमापून पेटीत बसवता येतात का, आणि बसवल्या तर गवयाच्या गळ्याशी त्या जुळतात का? दुसरी परिषद 1918 साली दिल्लीला झाली, तिसरी 1919 साली बनारसला. एका बाजूला पंडित, संस्थानिक, इंग्रजी शिकलेले वकील-प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला खाँसाहेब. सकाळी निबंध आणि ठराव, रात्री गाणे, असा या मेळाव्यांचा साधारण घाट. एका राष्ट्रीय संगीत अकादमीचे स्वप्न तिथे वारंवार मांडले गेले. पैसा आणि जागा मात्र कुठेच जमेना.

ती जमली लखनौत. 1924-25 च्या हिवाळ्यात चौथी परिषद लखनौला भरली आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात पाचवीही तिथेच. याचे श्रेय अवधच्या तालुकदारांना द्यायला हवे. दरियाबादचे राय उमानाथ बली यांनी विद्यालयाचा ध्यास घेतला होता. अकबरपूरचे नवाब अली हे भातखंड्यांचे जुने स्नेही. त्यांनी उर्दूत ‘मआरिफुन्नग़मात’ लिहून ही नवी मांडणी उत्तरेच्या वाचकांपर्यंत नेली होती. संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली हे उमानाथांच्याच घराण्यातले. 1926 साली विद्यालय सुरू झाले आणि प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला दिले गेले. राष्ट्रीय संगीताची शाळा आणि पाटी इंग्रज गव्हर्नरच्या नावाची, ही विसंगती तेव्हाच्या माणसांनी चालवून घेतली. सरकारी आधाराशिवाय गाण्याची शाळा टिकणार नाही, असा हिशेब त्यामागे असावा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींवर चालले, आणि कर्जाचा डोंगर त्यांना सोसावा लागला. दोन विष्णू, दोघेही मराठी, दोघेही उत्तरेत शाळा उघडणारे. वाटा मात्र वेगळ्या.

परिषदेने जे साधले नाही ते आता वर्गात साधायचे होते. पाच परिषदांत रागांवर पुष्कळ बोलणे झाले, तरी दोन घराण्यांनी आपले मत सोडून तिसरे स्वीकारले असे क्वचितच घडले. वर्गात तसे अडत नाही. तिथे पुस्तक असते, अभ्यासक्रम असतो, वर्षाअखेर परीक्षा असते. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत भातखंड्यांनी सुमारे 1,800 चिजा स्वरलिपीत छापल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. मुंबईचा पोरगा आणि लखनौचा पोरगा आता एकच चीज एकाच कागदावरून म्हणू शकत होता. ज्या विद्येसाठी आधी उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे पाणी भरावे लागे आणि तरीही ती मिळेलच याची खात्री नसे, ती पुस्तकांच्या दुकानात आली. ही क्रांती लहान नव्हती. ज्यांचा चरितार्थ त्या विद्येच्या गुप्ततेवर चालत होता, त्यांच्या दृष्टीने मात्र ती लूट होती, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे होते असे मला वाटत नाही.

अनुवादक म्हणून मला खटकते ती जागा वेगळी आहे. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ संवादाच्या रूपात लिहिली आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. एका रागाचा विषय निघाला की अमुक गवई असे गातात, तमुक ग्रंथ असे म्हणतो, मी असे ऐकले आहे, अशी मते ओळीने येतात, आणि गुरूचा कल कळला तरी बाकीची मते पुसली जात नाहीत. प्रवासात ऐकलेले सगळे आवाज त्या मराठीत अजून बोलतात. पाठ्यपुस्तकात मात्र तोच राग आरोह, अवरोह, पकड, वादी, संवादी अशा पाच ओळींत येतो. ही गळती मराठीतून हिंदीत जाताना झालेली नाही. हिंदी अनुवादाने संवाद राखला आहे. ती झाली ग्रंथाकडून परीक्षेकडे जाताना. विद्यार्थ्याने उत्तर एकच लिहायचे असते. भातखंड्यांनी मतभेद टिपून ठेवण्यात निम्मे आयुष्य घालवले, आणि आज त्यांचेच नाव घेऊन ‘या रागाचा वादी हाच’ असे सांगितले जाते.

लखनौच्या विद्यालयाने ही गळती काही अंशी भरून काढली, ती माणसांच्या बळावर. तबल्याला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ. 1928 साली प्राचार्य झाले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. भातखंड्यांच्या हाताखाली वाढलेले, बडोद्याला फैयाज खाँकडे गंडा बांधून शिकलेले आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. पुस्तक आणि गळा या दोन्ही बाजू त्या एका माणसात एकत्र आल्या होत्या. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ती शाळा सांभाळली. बेळगावजवळच्या बैलहोंगलहून अकरा वर्षांचे कृष्ण गुंडोपंत गिंडे 1936 साली त्यांच्या घरी राहायला आले ते मुलासारखे राहिले. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर हे त्याच छायेतले. संगीतकार रोशन तिथे शिकले, आणि पुढे श्रीलंकेचे अमरदेवही. म्हणजे शाळेच्या वेळापत्रकाच्या आत गुरूचे घर शिल्लक होते. तासाची घंटा वाजल्यावर खरा तास त्या घरात सुरू होई.

जागेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. परीखान्यात वाजिद अली शाहच्या काळी स्त्रियांना गाणे-नाचणे शिकवले जाई. 1856 साली इंग्रजांनी नवाबाला पदच्युत केले आणि तो पसारा विस्कटला. पण चौकातल्या कोठ्यांवर ठुमरी-दादरा जिवंत राहिला तो तवायफांमुळे. ‘चांगल्या घरच्या’ मुलामुलींना निर्धास्त शिकता यावे अशी नवी शाळा काढताना या बायकांना तिच्या वर्गात जागा राहिली नाही. परिषदा आणि विद्यालये यांनी संगीताला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची ही किंमत त्यांनी मोजली. अनेक वर्षांनी बेगम अख्तर त्याच संस्थेत शिकवायला आल्या. अख्तरीबाई फैजाबादी म्हणून गाजलेल्या बाईने परीखान्यात प्राध्यापक म्हणून पाऊल ठेवावे, याला पाऊण वर्तुळ पूर्ण झाले एवढेच म्हणता येईल.

1966 साली मॅरिस हे नाव गेले आणि भातखंड्यांचे आले. पाटी बदलली ते योग्यच झाले. पण मला वाटते, त्यांचे खरे स्मारक पाटीपेक्षा त्या चार मराठी भागांत आहे, कारण तिथे त्यांनी अखेरचा निकाल न देता साक्षी नोंदवून ठेवल्या आहेत. आपल्या भाषेत लिहिलेला हा ग्रंथ आज आपल्याला हिंदीतून वाचावा लागतो, याची खंत करत बसण्यात अर्थ नाही. मूळ मराठी पुन्हा हातात घ्यावी आणि त्यातल्या शिष्याच्या शंका मोजाव्यात. गुरूची उत्तरे परीक्षेला लागली; शिष्याच्या शंका अजून वाचायच्या राहिल्या आहेत.