नखांनी उघड केलेली गोष्ट

फेफऱ्यावरची औषधं आधी झटके थांबवण्यासाठी आली. त्यांच्यामुळे अंगावर उमटणाऱ्या खुणा मात्र लोकांना मागाहून दिसू लागल्या. 1857 मध्ये लंडनच्या वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा गुण सांगितला, तेव्हापासून ते घराघरांत गेलं. त्याने झटके कमी होत, पण चेहऱ्यावर फोड येत आणि रोगी दिवसभर सुस्त पडून राही. 1912 मध्ये आल्फ्रेड हाउप्टमन यांनी फिनोबार्बिटल पुढे आणलं. आपल्याकडे ते 'गार्डिनल' म्हणून ओळखीचं झालं. त्यानेही गुंगी येतच होती.

गुंगीविना झटके रोखता येतील का, हा प्रश्न बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी हाती घेतला. मांजरांना विजेचे झटके देऊन त्यांनी एकामागून एक रसायनं तपासली. फेनिटॉइन 1908 पासून पडून होतं, कारण ते झोप आणत नसल्यामुळे कुणाला कामाचं वाटलं नव्हतं. 1938 मध्ये ते रोग्यांना मिळू लागलं आणि दुसऱ्याच वर्षी हिरड्या फुगल्याच्या नोंदी आल्या.

पोटातल्या बाळाचं काय, हे विचारायला आणखी पाव शतक गेलं. गरोदरपणात घेतल्यावर बाळांत व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या धक्क्यानंतर, 1964 मध्ये, जर्मनीत यान्झ आणि फुक्स यांनी ही शंका तपासली. ठळक धोका त्यांना दिसला नाही. 1968 मध्ये मात्र रॉय मेडो यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, फेफऱ्यावरची औषधं घेणाऱ्या आयांच्या फाटलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या बाळांकडे लक्ष वेधलं.

मग नजर बोटांवर गेली.

1970 नंतरच्या काही वर्षांत, पोटात असताना ही औषधं पोचलेल्या बाळांच्या हातापायांची नखं फारच छोटी, कधी जवळजवळ नसल्यासारखी असल्याचं डॉक्टर लिहू लागले. बोटांच्या टोकांची हाडंही एक्स-रेत लहान दिसत होती. ओठ किंवा टाळू धड असलेल्या बाळातही औषधाने ठसा सोडल्याचं नखं सांगत होती. 1975 मध्ये हॅन्सन आणि स्मिथ यांनी या लक्षणांना 'फीटल हायडँटॉइन सिंड्रोम' हे नाव दिलं; फेनिटॉइन हायडँटॉइन गटातलंच. पुढच्या वर्षी हॅन्सन यांच्या अभ्यासात फेनिटॉइन घेणाऱ्या आयांच्या सुमारे 11 टक्के बाळांत संपूर्ण लक्षणसमूह, तर आणखी 31 टक्क्यांत त्यातली काही लक्षणं आढळली.

पण औषध अचानक बंद करणंही धोक्याचं, कारण गरोदरपणातला मोठा झटका आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून मूल होण्याचा विचार सुरू होतो, तेव्हाच डॉक्टरांशी बोलून औषध ठरवलं जातं. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरासिटाम यांना आज पसंती मिळते ती बाळाला धोका कमी असल्याच्या हिशेबाने.