कापलेला कोपरा

तैपेई १०१ ही ५०८ मीटर उंचीची इमारत २००४ साली पुरी झाली. फोटोत नजर जाते ती बांबूच्या पेरांसारख्या एकावर एक चढलेल्या खणांकडे. कोपऱ्यांकडे फारसे कोणी बघत नाही. तिथे काटकोन नाही. प्रत्येक कोपरा दोन पायऱ्यांनी आत घेतला आहे. विंड टनेलमध्ये प्रतिकृतीला निरनिराळे कोपरे लावून पाहिले, तेव्हा या खाचांमुळे वाऱ्याचा पायथ्याशी येणारा उलथवण्याचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. एवढ्या अजस्र इमारतीला जेमतेम दोन-अडीच मीटरांच्या खाचांनी इतका फरक का पडावा? याचा माग काढत गेले की आपण पोचतो एका वाजणाऱ्या तारेपाशी.

चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहाल याने १८७८ मध्ये हवेतून वेगाने फिरणाऱ्या तारांचा सूर मोजला. तार किती ताणली आहे याच्याशी त्या सुराचे देणेघेणे नव्हते. तो ठरत होता हवेचा वेग आणि तारेची जाडी यांवरून. पुढे १९११ च्या सुमारास ग्योटिंगेनला हीमेन्झ नावाचा विद्यार्थी पाण्याच्या प्रवाहात दंडगोल ठेवून प्रयोग करत होता. प्रवाह काही केल्या स्थिर राहीना. दंडगोल घासूनपुसून अगदी गोल केला, तरी तेच. तरुण थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी चौकशी करी आणि रोज तेच उत्तर मिळे. शेवटी त्याने गणित मांडले: अडथळ्याच्या मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरा सुटतो, आणि दर वेळी अडथळ्याला आडवा ओढतो. दोष दंडगोलात नव्हताच.

बांधकामवाल्यांना मात्र अजून समोरच्या वाऱ्याचीच धास्ती होती. १८७९ मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला, त्याची ती दहशत. आयफेलने मनोऱ्याच्या चार पायांची वक्ररेषा वाऱ्याच्या हिशेबातून आल्याचे ठणकावून सांगितले, तेही समोरून येणाऱ्या जोराबद्दलच.

न्यूयॉर्कमध्ये गंमत झाली. १९१६ च्या नियमाने उंच इमारतींना वर जाताना टप्प्याटप्प्याने आत सरकायला लावले. हेतू एवढाच, की रस्त्यावर ऊन आणि हवा पोचावी. त्यातून १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग झाली: ३८१ मीटर, पायऱ्यापायऱ्यांची, दगडाने मढवलेली, बोजड. वाऱ्याला तोंड द्यायला हा आकार उत्तमच होता, पण त्याचे श्रेय नगररचनेच्या नियमाला द्यावे लागेल. तिच्या प्रतिकृतीवरच्या विंड टनेल चाचण्यांचा ड्रायडन आणि हिल यांचा अहवाल तर आला १९३३ मध्ये, इमारत उभी राहून दोन वर्षे झाल्यावर!

१९६१ च्या नव्या नियमाने खाली मोकळे चौक सोडणाऱ्यांना जादा बांधकाम दिले, आणि तळापासून माथ्यापर्यंत एकाच रुंदीचे, हलके, काचेचे खोके सुखाने वर चढू लागले. अशा खोक्यावरचे भोवरे सगळ्या उंचीवर एकाच ठेक्यात सुटतात. साठ मीटर रुंदीच्या चौकोनी इमारतीवर सेकंदाला ५० मीटर वेगाचा वारा आला, तर डावा-उजवा असा एक फेरा साधारण दहा सेकंदांत पुरा होतो. चारशे मीटरच्या पोलादी इमारतीचा स्वतःचा हेलकावाही जवळपास तेवढाच. दोन्ही ठेके जुळले की डोलणे वाढत जाते.

वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या वेळी हा प्रश्न अंगावर आला. माणसाला किती डोलणे जाणवते हे पाहायला १९६५ मध्ये ओरेगॉनमधल्या यूजीन गावात फुकट डोळे तपासण्याच्या नावाखाली लोकांना एका खोलीत बोलावले, आणि त्यांना न सांगता खोली हळूहळू हलवली. अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी हालचालीने लोकांना गरगरले. (आज असा प्रयोग करू देतील का, शंकाच आहे.) शेवटी प्रत्येक मनोऱ्यात हेलकावा शोषणारे सुमारे १०,००० डँपर बसवले. १९६५ मध्येच कॅनडात ॲलन डेव्हनपोर्ट यांनी असा लांबलचक विंड टनेल उभारला, ज्यात शहरावरून येणारा खडबडीत, उंचीनुसार बदलणारा वारा तयार करता येई. त्याआधीच्या बहुतेक टनेलांतला वारा विमानांसाठीचा, गुळगुळीत.

मग आकारच औषध ठरला. कोपरा कापला की प्रवाह धारेवरून झटकन सुटत नाही, मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. उंचीनुसार रुंदी बदलली की प्रत्येक थराचा ठेका वेगळा पडतो आणि भोवऱ्यांना एकी साधत नाही. ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचे तीन पंख गोल फिरत जिन्यासारखे कमी होत जातात ते यासाठी. चाचण्यांनंतर त्या टप्प्यांची संख्या बदलली आणि अख्ख्या इमारतीचे तोंडही फिरवले. तिचे अभियंते बिल बेकर या युक्तीला ‘वाऱ्याला गोंधळात टाकणे’ म्हणतात. ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरने १२० अंशांचा पीळ घेऊन वाऱ्याचा भार २४ टक्क्यांनी उतरवला.

आपल्या भारतीय मानक ८७५ मध्ये मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्याचा ३९. उंची रुंदीच्या पाचपटीपुढे गेली, की हेलकाव्याचा वेगळा हिशेब करावा लागतो. पण दोन बाजूंना खिडक्या असलेला कोपऱ्यातला फ्लॅट सगळ्यांत महाग विकला जातो, तेव्हा तो कोपरा कापा हे बिल्डरला सांगणार कोण? न्यूयॉर्कच्या ४३२ पार्क ॲव्हेन्यूने चौकोन तसाच ठेवून वेगळी वाट काढली: रुंदीच्या पंधरापट उंच इमारतीत ठरावीक अंतराने यंत्रांचे मजले उघडे सोडले, वारा आरपार जावा म्हणून. यंत्रांचे मजले तिथे चटईक्षेत्रात मोजत नसत. उंची वाढवायला बिल्डरांनी ती सवलत इतकी वापरली, की २०१९ मध्ये शहराला निवासी टॉवरांतल्या उंच पोकळ यंत्रमजल्यांवर मर्यादा घालावी लागली.