दोन दादर, दोन परळ

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर ही आगगाडी सुरू झाली. १९९५ साली मंजूर झालेल्या लोहमार्गावर बीडकरांनी गाडी पाहिली ती तीस वर्षांनी. पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात जो तो एकच प्रश्न विचारीत होता, "फादर, आता मुंबई जवळ आली का?"

प्रश्न साधा, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. बीडहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. हे अंतर एस. टी.ने एका रात्रीत सरते. खरे अंतर पुढे, गाडीतून उतरल्यावर सुरू होते. ते का, याचा शोध घेताना आम्हांला मुंबईचा इतिहास चाळावा लागला.

बीडकराला मुंबई ही तशी उशिरा लाभलेली राजधानी. १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या अमलाखाली, आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. वरचे न्यायालय, मोठी कचेरी, मोठा दवाखाना, सारे काही हैदराबादेत. परळीची आगगाडीही विकाराबादमार्गे त्याच दिशेने जाई. ज्याला मुंबई गाठायची असे त्याने जालन्यापर्यंत रस्त्याने जावे, तेथून मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठावे आणि मनमाडला गाडी बदलावी. फलाटावर वळकटी उशाला घेऊन काढलेल्या रात्रींच्या हकिकती आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही पुष्कळ ऐकल्या. हैदराबाद ओळखीचे होते. मुंबई परकी होती. राज्य बदलले म्हणून पायाखालची वाट एका दिवसात बदलत नाही.

आता त्या मुंबईकडे वळू. सात बेटांची ही नगरी. तिच्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे म्हणजे मुळात पाणी ओलांडणे होते. भरती-ओहोटी पाहावी, नाव मिळते का ते पाहावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांध पडत गेले आणि बेटे जोडली गेली. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, कुलाब्याचा १८३८ साली. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी मात्र पावसाळ्यात नावा उलटवीत राहिली. सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच, की या वाटेवर जकात घ्यायची नाही. १८४५ साली बांध खुला झाला. वांद्र्याच्या मोतमाउलीशी या दानाचा संबंध जोडणारी एक आख्यायिका आपल्या लोकांत आवडीने सांगितली जाते. आम्ही ती आख्यायिका म्हणूनच सांगतो. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती अट. वाट बांधणाऱ्याने अनोळखी, गरीब वाटसरूचा विचार केला, असे या शहराच्या इतिहासात फार वेळा घडलेले नाही.

पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, ते सर्वांना ठाऊक आहे. सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि तोफांची सलामी. त्या सोहळ्याइतकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की मुंबईचा लोहमार्ग एका कंपनीने बांधला नाही. बोरीबंदरची गाडी 'ग्रेट इंडियन पेनिन्शुला' कंपनीची. तिचे लक्ष दख्खनकडे आणि वऱ्हाडच्या कापसाकडे. दुसरी 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' कंपनी गुजरातकडून किनाऱ्याने खाली आली आणि १८६४ साली ग्रँट रोडला पोहोचली. विरारहून मुंबईला पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी आली. वसईकर वाचकांना गंमत वाटेल, पण तेव्हा दिवसाकाठी जाणारी एक आणि येणारी एक, एवढाच तो कारभार होता.

दोन कंपन्या, दोन हिशेब, दोन शेवटची स्थानके. दादरला दोघींचे रूळ एकमेकींजवळ आले, पण संसार निराळेच राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी एकीची मध्य रेल्वे झाली आणि दुसरीची पश्चिम. कंपन्या गेल्या, त्यांची वाटणी मात्र फलाटावर उरली. दादर नावाची दोन स्थानके एका पुलाखाली शेजारी शेजारी नांदत राहिली आणि दोघांच्याही फलाटांचे आकडे एकपासून सुरू होत राहिले. मुंबईकराच्या हे अंगवळणी पडले होते, म्हणून कोणी काही बोलत नसे.

त्याची किंमत पाहुण्याने मोजली. २०१६ सालची गोष्ट. गेवराई तालुक्यातील एक ऊसतोड कामगार आपल्या पत्नीला घेऊन परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेला. १९४१ सालापासून चाललेल्या या रुग्णालयाने आमच्या भागातील किती कुटुंबांना आधार दिला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. दोघांचा मुक्काम दादरच्या संत गाडगेमहाराज धर्मशाळेत होता. तेथून परळ म्हणजे पुढचेच स्टेशन. गृहस्थाला अक्षरओळख नाही, पण आकडे कळतात. उसाच्या वजनाचे माप चुकले तर तो मुकादमाला लगेच अडवतो. म्हणून आम्ही मोठ्या हुशारीने त्याला कागदावर फलाटाचा आकडा लिहून दिला. तो आकडा दोन्ही दादरांत होता, हे आमच्या ध्यानी आले नाही.

तो पश्चिम रेल्वेच्या त्या फलाटावर गेला, आकडा पडताळून पाहिला, गाडीत बसला आणि शेजाऱ्याला "परळ आले का?" असे विचारीत राहिला. शेजाऱ्याने त्याला लोअर परळला उतरवले. शेजाऱ्याचे काय चुकले? तेही परळच. भर उन्हात, आजारी बाईला धरून, विचारत विचारत तो रुग्णालयात पोहोचला तेव्हा तिच्या शेकाची वेळ टळली होती. त्याने आम्हांला दोष दिला नाही. "फादर, आकडा बरोबर होता, गावच चुकीचं होतं," एवढेच म्हणाला. सेमिनरीत आम्ही आठ वर्षे शिकलो, परंतु आपले ज्ञान दुसऱ्याच्या पायांनी चालून पाहावे, हा धडा आम्हांला त्या कागदाने दिला.

मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड ही शेजारची स्थानके एका अरुंद पुलाने जोडलेली होती. भोवतालच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, माणसे कितीतरी पटींनी वाढली. पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली. पुढल्या वर्षी स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

ट्रामचा काळ पाहुण्याला सोयीचा होता, असे जुनी माणसे सांगत. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा भाडे तीन आणे होते आणि प्रथम तिकीटही देत नसत. फुकटे वाढले तेव्हा तिकीट आले! १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, १९२६ मध्ये बस आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ट्राम सावकाश चाले; चुकल्यास उतरता येई आणि उलट दिशेने चालत परतता येई. लोकल ती सवलत देत नाही. आम्ही खेडुतांना बसच सुचवतो, कारण बेस्टच्या बसच्या कपाळावर देवनागरी आकडा असे आणि वाहक विचारल्यावर सांगे.

९ डिसेंबर २०२३ रोजी दादरच्या फलाटांना सलग आकडे मिळाले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठपासून चौदापर्यंत झाले. वर्तमानपत्रात ती बातमी लहानशी होती. आम्ही ती कापून ठेवली. दोन्ही लोहमार्ग दादरला भेटल्यानंतर दीडशे वर्षांनी एक आकडा एकाच ठिकाणचा झाला.

मध्यंतरी २०२५ च्या मे महिन्यात भुयारी मेट्रोचे दादर सुरू झाले. तेव्हा दादरे आता तीन.

त्या बाई सुखरूप आहेत. वर्षातून एकदा तपासणीला जावे लागते. परवा तो गृहस्थ नव्या गाडीची चौकशी करीत आला आणि जुना कागद पुढे करून म्हणाला, "नवा लिहून द्या." आम्ही आकडा लिहिला. मग त्याच्यासमोर बसून त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतले, की आठाच्या आतला फलाट दिसला तर बसायचे नाही, पूल ओलांडायचा. चौथ्यांदा विचारले तेव्हा त्याने कागद टोपीत खोचला आणि पुरे म्हणून हात केला.